माशांचं क्रॉसमॅच

१.०२५ हा आकडा मी रोज दहा-पंधरा वेळा तरी बघते. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे आणि लघवीच्या रिपोर्टमध्ये विशिष्ट गुरुत्वाचा एक रकाना असतो. तिथे १.०२५ आलं की बहुतेक वेळा पेशंट पाणी कमी पितोय असं समजायचं. मे महिन्यात तर अर्धं नागपूर याच आकड्यावर असतं. समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्वही साधारण तेवढंच, आणि ते मोजायचं यंत्रही तेच, रिफ्रॅक्टोमीटर, हे मात्र मला गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हतं.

माशांचा टँक आम्ही घेतलेला नाही, गळ्यात पडलेला आहे. खालच्या मजल्यावरचं कुटुंब पुण्याला गेलं आणि जाताना चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा काचेचा डबा लोखंडी स्टँडसकट आमच्याकडे ठेवून गेलं. त्यात ते गप्पी ठेवायचे. आमचा पोरगा दहा वर्षांचा, तो हटून बसला की खाऱ्या पाण्याचाच करायचा, कारण त्याला निमो पाहिजे होता. (दुकानात क्लाउनफिशला क्लाउनफिश कुणीच म्हणत नाही. निमोच.) समुद्र आमच्यापासून कुठल्याही दिशेने निघा, शेकडो किलोमीटर लांब. पण रिफ्रॅक्टोमीटर वापरता येतो, रंग बघून अमोनिया मोजता येतो, मग अडचण काय, असं मला वाटलं. अडचण पाण्याची नव्हतीच. ती माशांची होती.

पाण्याचं थोडक्यात सांगते. दगड मांडल्यावर सव्वादोनशे लिटर मावलं. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने आठ किलोच्या आसपास मीठ. मामाजी, म्हणजे माझे सासरे, एसटीत कंडक्टर होते. त्यांना हिशेब लगेच कळतो. म्हणाले, "आठ किलो? एवढ्यात गल्लीभराचं लोणचं होते." घरचं मीठ का चालत नाही हे त्यांना पटवायला एक संध्याकाळ गेली. आपलं मीठ म्हणजे जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड आणि वरून आयोडीन. समुद्रात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, पाण्याचा पीएच धरून ठेवणारे क्षार असतात. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेलं तयार मीठच घ्यावं लागतं. नळाचं पाणी आरओ आणि पुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआयच्या कार्ट्रिजमधून काढून घेतलं. दगड सिरॅमिकचे. खरे प्रवाळ आणि समुद्रघोडे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे कुणी "मॅडम, लाइव्ह कोरल आणून देतो" म्हटलं तरी त्या भानगडीत पडायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं.

आता चूक सांगते.

नव्या टँकमध्ये मासे लगेच टाकता येत नाहीत. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विष, तिसरं त्यामानाने सुसह्य. हे जिवाणू दगडावर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर त्यांना खायला अमोनिया लागतो. त्यासाठी झिंग्याचा एक तुकडा पाण्यात सडत ठेवला तरी भागतं. पण बर्डीवरच्या ज्या दुकानातून मी मीठ घेतलं, तिथला माणूस म्हणाला, "त्यापेक्षा हे तीन डॅमसेल टाका मॅडम. स्वस्त हायेत अन् मरतच नाही. पाणी बी तयार होते, घरात मासा बी दिसते." पोराने माझ्याकडे पाहिलं. मी तीन डॅमसेल घेतले. दोन निळे आणि एक काळा, अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला. त्याला डॉमिनो म्हणतात. बोटाच्या पेराएवढा होता.

मरतच नाही, हे त्या काळ्याच्या बाबतीत शंभर टक्के खरं निघालं. अमोनियाने त्याला काही केलं नाही. निळ्या दोघांना मात्र त्याने केलं. दहा दिवसांत एकाच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या आणि दुसरा फिल्टरच्या पाइपामागे उभा राहायला लागला, खायलाही बाहेर येईना. महिन्याभरात चार फुटांच्या महालात डॉमिनो एकटा उरला. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पाणी एकदम फर्स्ट क्लास. मी निमोची जोडी आणली. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, तर हा पठ्ठ्या बाहेरून पिशवीलाच धडका मारतोय! त्या दोघांना मी आत सोडलंच नाही. वीस लिटरच्या टबात ठेवलं आणि डोकं धरून बसले.

मामाजी खुर्ची ओढून टँकसमोर बसले होते. म्हणाले, "त्याची काय चूक हाय? जो पयले चढला त्याची शीट. मंग तो पाय पसरून बसते, अन् मागून येणाऱ्याले म्हणते, मागची गाडी रिकामी हाय."

मासे निवडण्याबद्दल त्यानंतर मी पुष्कळ वाचलं. पण त्या वाक्यात जे होतं, त्याच्या फार पुढे मी अजून गेलेले नाही.

आता त्याला काढायचा. वाचताना हे काम दोन मिनिटांचं वाटतं. जाळी पाण्यात गेली की डॉमिनो दगडाच्या फटीत, जाळी बाहेर आली की डॉमिनो काचेला नाक लावून आमच्याकडे बघतोय. पहिल्या संध्याकाळी पोराने आणि मी मिळून अर्धी फरशी ओली केली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीचं वरचं टोक कापलं, उलटं करून त्याच बाटलीत नरसाळ्यासारखं बसवलं, आत झिंग्याचा तुकडा टाकला आणि बाटली तळाशी आडवी ठेवली. मासा वास घेत रुंद तोंडातून आत जातो, बाहेर यायचं बारीक भोक त्याला सापडत नाही. डॉमिनो बाटलीभोवती चार चकरा मारायचा, तोंडाशी यायचा आणि परत फिरायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला सकाळपासून उपाशी ठेवलं. रात्री नऊच्या सुमारास तो आत गेला. पोरगा धावत येऊन बाटली उचलणार तोच मामाजींनी त्याचा हात धरला, "थांब बे. पोटभर खाऊ दे त्याले, मंग सुस्त होईन." दोन मिनिटांनी बाटली वर घेतली. दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन फुकट परत दिला. दुकानदार हसला. त्याला नवं नव्हतं हे.

लॅबमध्ये यायच्या आधी मी दोन वर्षं रक्तपेढीत होते. तिथे रक्ताची पिशवी देण्याआधी क्रॉसमॅच करतात. दात्याच्या तांबड्या पेशी रुग्णाच्या सीरममध्ये मिसळायच्या आणि बघायचं. पेशी एकमेकींना चिकटून गोळे झाले की पिशवी बाद. उलट बाजूचीही एक तपासणी असते, रुग्णाच्या पेशी आणि दात्याचं सीरम. दोघांचे गट चांगले की वाईट, असा प्रश्नच तिथे नसतो. एकत्र आले की काय होतं, एवढंच बघायचं. दुकानात मात्र "हा मासा शांत आहे का हो?" असा प्रश्न आपण विचारतो आणि "एकदम शांत" असं उत्तर मिळतं. कोणाशी शांत? कोण आधी आलंय तिथे?

मग मी एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक माशाला एक पान. तो किती मोठा होतो, तोंड किती उघडतं, काय खातो, पाण्याच्या कुठल्या थरात राहतो, झोपायला बीळ लागतं का. खाली दोन रकाने: हा इतरांना काय करेल, इतर याला काय करतील.

या वहीत पहिल्याच आठवड्यात निम्मी दुकानदारी बाद झाली. निळा टँग, ज्याला दुकानात डोरी म्हणतात, तो मिळतो तेव्हा दोन-तीन इंचांचा असतो आणि वाढून फूटभर होतो. दिवसभर लांब पोहणारा मासा. चार फुटांत त्याची कोंडी होते. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखा काटा, चिडला की तोच चालवतो. "अजून लहान आहे, मोठा झाला की बघू" हे वाक्य माशाच्या दुकानात इतक्यांदा ऐकलं की मी ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. लायनफिश दिसायला देखणा आणि स्वभावाने मुळीच भांडकुदळ नाही. त्याच्या तोंडात मावेल ते तो गिळतो, एवढंच. काटे विषारी ते वेगळंच. मँडरिन ड्रॅगनेट पाहून माझा जीव फार अडकला होता, अंगावर पैठणीसारखे रंग. पण तो कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत जीव दिवसभर टिपत राहतो, आणि नव्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात. इतर मासे त्याला काही करत नाहीत. तो ताटावर बसून उपाशी मरतो. सिक्सलाइन रास तीन इंचांचा, पण एकदा जागा धरली की नव्या पाहुण्याच्या मागे लागतो. डॉमिनोनंतर तसल्या माणसाला घरात घ्यायची माझी तयारी नव्हती.

आणखी एक गोष्ट वहीमुळे कळली. माशाला सगळ्यात जास्त राग येतो तो स्वतःसारख्या दिसणाऱ्याचा. तीच जात, तसाच रंग, तीच ठेवण, तेच खाणं. म्हणून वेगवेगळ्या आकारांचे आणि वेगवेगळ्या थरांत राहणारे घ्यायचे. आणि जो सगळ्यात भित्रा, त्याला पहिल्यांदा सोडायचं. दुकानदाराने आम्हाला उलटं करायला लावलं होतं.

डॉमिनो गेल्यावर सगळे दगड काढून वेगळ्या पद्धतीने मांडले. तळाला आधी पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत पिस्टल झिंगा. ही जोडी मी हट्टाने मागवली. मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत ते आले. पाण्याची सवय व्हायला सलाईनचा सेट वापरला. टँकमधलं पाणी थेंबथेंब पिशवीतल्या पाण्यात सोडायचं. रोलर फिरवून थेंब मोजायची मला सवय आहेच. अर्ध्या तासाच्या वर लावायचं नाही मात्र. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण माशाच्या श्वासाने पाणी आम्लधर्मी झालेलं असल्यामुळे तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडून हवा लागली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो.

तो झिंगा जवळजवळ आंधळा. दिवसभर वाळूत बोगदा खणतो, बुलडोझरसारखी वाळू पुढे ढकलत बाहेर येतो, आणि येताना एक लांब मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवतो. गोबी दाराशी पहारा करतो. मी काचेजवळ हात नेला की गोबी शेपटी नुसती थरथरवतो, त्याच क्षणी झिंगा आत. आम्ही तासन्‌तास हेच बघत बसायचो, टीव्ही बंद. पहिल्या रात्री दोन वाजता "टक्" असा जोरात आवाज झाला आणि मामाजी "काच तडकली, काच तडकली" करत उठले. झिंग्याने नांगी वाजवली होती. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. मामाजींना अजूनही त्याचा राग आहे.

गोबीनंतर दोन आठवड्यांनी फायरफिश, तिसऱ्या हप्त्यात बांगाई कार्डिनलची जोडी आणि शेवटी, टबात कंटाळलेली आमची निमोंची जोडी. निमोंमध्ये मोठी ती मादी आणि छोटा तो नर. जन्मतः सगळे नरच असतात. मादी मेली तर तिच्याच नराची मादी होते. ही माहिती पोराने शाळेत जाऊन सांगितली आणि बाईंनी मला फोन केला. असो. बांगाई कार्डिनल निवडताना मी दुकानात पाऊण तास उभी होते. नर-मादी नुसतं बघून ओळखणं अवघड, आणि दोन नर आले तर एक दुसऱ्याला मारतो. सात-आठ माशांच्या घोळक्यात दोघं सतत एका कोपऱ्यात जवळजवळ उभे होते आणि तिसरा आला की त्याला हाकलत होते. तेच घेतले. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांचा हा मासा, मूळचा जगात दुसरीकडे कुठेच नाही. मत्स्यालयांसाठी इतका पकडला गेला की २००७ पासून धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. हौदात वाढवलेले घ्यावेत म्हणतात. मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "हो हो, तेच."

क्रॉसमॅच जमलं. एप्रिलपर्यंत कुणी कुणाच्या अंगाला तोंड लावलं नाही.

मग नागपूरचा मे आला. या माशांना चोवीस ते सव्वीस अंश लागतं. बाहेर पंचेचाळीस, हॉलमध्ये कूलर लावून एकतीस. पाणी थंड करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून नवरा पाणी प्यायला उठला. पण आपल्याकडची हवा कोरडी, आणि कूलरचं तत्त्व कोणत्याही नागपूरकराला शिकवावं लागत नाही. टँकचं झाकण काढलं, वर दोन टेबलफॅन तिरपे लावले. पाण्याची वाफ झाली की उष्णता घेऊन जाते. पाणी सत्तावीसवर आलं. मी स्वतःवर खूश.

चौथ्या दिवशी सकाळी फायरफिश दिसेना. तो स्टँडच्या मागे, कूलरच्या बाजूला, फरशीवर मिळाला. आंब्याच्या वाळलेल्या सालीसारखा. वहीत त्याच्या पानावर मीच लिहिलं होतं: दचकला की उडी मारतो, झाकण हवंच. माशांचं एकमेकांशी जुळवताना मी त्याचं पंख्याशी जुळवून पाहिलं नव्हतं. मग खिडकीच्या मच्छरजाळीवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या चौकटीत बारीक जाळी ताणून घेतली. हवा जाते, मासा जात नाही. पोराने दुसऱ्या फायरफिशचं नाव काढलं नाही, मीही नाही.

त्याच महिन्यात मी आठ दिवस अमरावतीला लग्नात होते. पंख्यांमुळे रोज चार-साडेचार लिटर पाणी उडायचं. वाफ फक्त पाण्याची होते, मीठ टँकमध्येच राहतं, म्हणून वरून गोडंच पाणी घालायचं. नवऱ्याने मन लावून रोज मीठ कालवून घातलं. परत आले तर रिफ्रॅक्टोमीटर १.०२९! लॅबमध्ये असा आकडा आला असता तर मी पेशंटला लगेच फोन केला असता. तीन दिवस थोडं थोडं खारं पाणी काढून गोडं घालत ते खाली आणलं. एकदम उतरवलं असतं तर मासे गेले असते. नवरा आठवडाभर टँकच्या बाजूला फिरकला नाही.

पावसाळा लागला, हवा दमट झाली आणि पंख्यांचा उपयोग कमी झाला, पण तोवर ऊनही उतरलं होतं. जुलैच्या सुरुवातीला एका कार्डिनलने खाणं सोडलं. झिंग्याचा कीस समोरून वाहत गेला तरी तोंड उघडेना. पांढरे ठिपके नाहीत, श्वास ठीक. मी वही काढून आजारांची पानं उलटत होते, तेव्हा मामाजी म्हणाले, "त्याचा जबडा पाय ना. तंबाखू भरल्यावानी दिसते."

तो नर होता. बांगाई कार्डिनलमध्ये मादी अंडी देते आणि नर ती तोंडात घेऊन फिरतो. अंडी फुटल्यावर पिल्लंही काही दिवस तोंडातच. सगळं मिळून महिना होतो, आणि तेवढे दिवस बाप जवळपास उपाशी. बाहेर येतात ती आईबापांची हुबेहूब छोटी प्रत होऊन.

पिल्लांसाठी मी वहीत नवीन पान केलं आणि रकाने भरायला बसले. निमो: खाईल. गोबी: खाईल. झिंगा: सापडलं तर खाईल. आईबाप: भरवसा नाही. ज्यांची मी एकेकाची कुंडली तपासून निवड केली, ते सगळे एका सेंटिमीटरच्या पिल्लापुढे लायनफिशच. नराला वेगळ्या टबात हलवावं, तर पकडताना दचकून तो पिल्लं थुंकतो किंवा गिळतो. म्हणून त्याला हात लावला नाही. निसर्गात ही पिल्लं लांब काट्यांच्या समुद्री साळूमध्ये लपतात, तर पोराने काळ्या केबल टायचा मूठभर झुबका करून कोपऱ्यात उभा केला. उभा तर साळूसारखाच दिसतो.

मामाजींनी रात्रीची ड्युटी घेतली आहे. जेवण झालं की टॉर्च घेऊन खुर्चीवर. काल अकराला त्यांनी हाक मारली. नर काचेजवळ आला होता. त्याने जबडा किंचित उघडून आतलं काहीतरी घोळवलं, आणि टॉर्चच्या उजेडात आत बारीक रुपेरी डोळे चमकले, एकापाठोपाठ एक. मी विचारलं, "किती असतील हो?"

"गाडी थांबू दे," मामाजी म्हणाले. "उतरताना मोजतो."